रात्रीचा चोर वेगळा, दिवसाचा वेगळा

पत्र : आम्ही दोघं निवृत्तीनंतर गावी आलो. परसात सोळा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. गणपतीनंतर आधी तीन पिल्लं गेली, मग दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, दिवसाढवळ्या नाहीशा झाल्या, थोडी पिसं तेवढी गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) मिळाली. गेल्या आठवड्यात तर कहर झाला. सकाळी खुराडं उघडलं तर चार कोंबड्या मेलेल्या. दोघींची मुंडकीच नाहीत, दोघींच्या मानेला चावे. खाल्लेली एकही नाही. खुराडं चिऱ्याच्या जोत्यावर आहे. लाकडी चौकट, बाजूंना कोंबडीची जाळी, वर कौलं. शेजारच्या काकांनी कुंपणात मुंगूस पाहिलंय, ते म्हणतात अंड्यात थिमेट भरून ठेवा, एका रात्रीत निकाल लागेल. सासूबाई म्हणतात कुत्रा आणा. मुलगा मुंबईहून सोलरचा दिवा पाठवतोय. आम्ही काय करावं?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

ताई, नमस्कार.

विषाचं आधी सांगतो, कारण काका आजच तिन्हीसांजेला अंडं घेऊन दारात उभे राहतील. त्यांना चहा द्या आणि अंडं परत पाठवा. थिमेट म्हणजे फोरेट. हातमोज्याशिवाय हाताळलं तर कातडीतूनही अंगात भिनणारं हे विष आहे आणि २०२० च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. तरी कोणाच्या तरी माळ्यावर जुना डबा असतोच. ते अंडं कोण खाईल यावर तुमचा काही ताबा नाही. कावळा खाईल, वाडीतलं कुत्रं खाईल, तुमचीच एखादी कोंबडी फोडून खाईल. शिवाय मुंगूस, घोरपड, रानमांजर, कांडेचोर, नाग, धामण या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विष घालणं, फासा लावणं हा गुन्हा आहे, आणि गावात अशी गोष्ट लपून राहत नाही. हेही बाजूला ठेवा. एक मुंगूस मेलं तर त्याची जागा रिकामी होते, दुसरं येऊन बसतं. खुराड्याचं भोक मात्र होतं तिथंच असतं.

आणि मुख्य म्हणजे काकांनी पकडलेला आरोपी चुकीचा आहे. निदान त्या रात्रीपुरता. आपल्याकडचं मुंगूस दिवसा हिंडतं आणि रात्री बिळात झोपतं. तलंगा त्याने नेल्या असतील, मी तर म्हणेन त्यानेच नेल्या. गडग्याच्या चिऱ्यांमधल्या फटी हे त्याचं आवडतं घर, आणि पिसं तुम्हाला तिथंच मिळाली. पण बंद खुराड्यात रात्री चार कोंबड्या मारणारा वेगळा. कोकणात हे काम बहुतेक वेळा कांडेचोराचं असतं, ज्याला काही जण उदमांजर म्हणतात. नाहीतर रानमांजराचं, म्हणजे काही गावांतल्या बाऊलाचं. पिल्लांचा चोर तिसराच असू शकतो. घार, कावळा, घोरपड, घूस, यादी लांब आहे. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या चोऱ्या आहेत, आणि तुम्ही सगळे मिळून एकच चोर शोधताय.

आता त्या चार कोंबड्यांकडे पुन्हा एकदा नीट बघू, कारण तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींत बरंच काही आहे. दोघींची मुंडकी नाहीत आणि दोघींच्या मानेला चावे, असं तुम्ही लिहिता. पहिल्या दोघी जाळीला चिकटून बसल्या होत्या. बाहेरच्या जनावराने जाळीतून पंजा घातला, मान ओढली, मुंडकं तोडून नेलं आणि धड आत राहिलं. यासाठी त्याला आत यावंच लागत नाही. दुसऱ्या दोघींना मात्र आत येऊनच मारलंय. मारून खाल्ल्या का नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. रानात शिकारी एकीवर झेपावला की बाकीच्या उडून जातात. खुराड्यात त्या जाणार कुठे? आतल्या आत फडफडतात, आणि फडफड चालू आहे तोवर जनावर चावत राहतं. एखादी घेऊन निघायचा त्याचा बेत असणार, पण आला त्या फटीतून कोंबडी बाहेर निघाली नाही. म्हणजे फट लहान आहे. शोधायला कठीण, बुजवायला सोपी.

खात्री करायची असेल तर चुलीतली राख चाळून घ्या आणि संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा पसरा. सकाळी सडा घालण्याआधी पाहा. मांजराच्या पावलात चार बोटं उमटतात आणि नखांची खूण नसते, कारण चालताना ते नखं आत घेतं. कुत्र्याचीही बोटं चारच, पण पुढे नखांचे ठिपके दिसतात. कांडेचोर आणि मुंगूस यांची बोटं पाच. कांडेचोराची दुसरी खूण म्हणजे त्याची विष्ठा. ती तो उघड्यावर, गडग्याच्या माथ्यावर किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्यावर टाकतो आणि तिच्यात फळांच्या अख्ख्या बिया असतात. भेरली माडाची फळं पिकली की त्याच बिया दिसतात. तुमच्या गडग्यावर तसं काही दिसलं तर मग बाकी चौकशीची गरज नाही. मुळात तो फळं खाणारा प्राणी. कोंबडी सहज मिळाली तर सोडत नाही, एवढंच.

इतर चोरांच्या खुणा थोडक्यात, कारण पुढे कधीतरी लागतील. अंडी जागेवरून गायब आणि कवचाचा तुकडाही नाही, तर सापाने अख्खी गिळली. कवचाचे तुकडे दगडाच्या बुडाशी पडलेले, तर मुंगूस. ते अंडं मागच्या पायांमधून दगडावर भिरकावून फोडतं. कवच कडेने कुरतडलेलं असेल तर उंदीर किंवा घूस, आणि जवळपास ताज्या मातीचा ढीग सापडेल. कोंबड्या ओरबाडलेल्या, पिसं अंगणभर आणि दोन-तीन ठिकाणी मेलेल्या, तर कुत्रे. रानातल्या जनावरांपेक्षा वाडीतली मोकळी कुत्रीच अनेक ठिकाणी जास्त कोंबड्या मारतात, पण त्यांचं नाव घेतलं की भांडणं होतात, म्हणून बिचाऱ्या मुंगसावर खापर फुटतं. आणि अंगावर एकही जखम नसताना कोंबड्या मेल्या तर चोर शोधूच नका. ती मानमोडी असू शकते, म्हणजे राणीखेत. एकदम बऱ्याच मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून या बाबतीत कोणी थट्टा करत नाही, आणि करूही नये.

आता खुराड्याकडे.

तुमची जाळी सहाकोनी, पातळ तारेची असणार. कोंबडीची जाळी म्हणून दुकानदार तीच देतो. ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं हे तिचं काम नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, पावसाळ्याच्या एका-दोन खेपांत खालची तार गंजते, आणि पंजा तर तिच्यातून आरामात आत जातो. ती काढून फेकू नका, वरच्या बाजूला राहू दे. पण जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी बाहेरच्या बाजूने ठोका. बाहेरच्याच बाजूने, कारण आतून ठोकली तर ढकलल्यावर खिळे सुटतात. आणि खिळ्यांवर विसंबू नका. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून पट्टीसकट स्क्रू मारा.

जनावर आलं कुठून, हे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही, पण माझा संशय वर आहे. कांडेचोर चढण्यात पटाईत. कौल उचकटून घराच्या माळ्यात राहणारा हा प्राणी, त्याला खुराड्याचं कौल काय जड जाणार? रात्री एक प्रयोग करा. यजमानांना आत बसवा, खुराड्यात पेटती विजेरी ठेवा आणि तुम्ही बाहेरून अंधारात चारी बाजूंनी फिरा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथं खडूने खूण करा. वळचणीखाली, भिंत आणि वासा यांच्यामधल्या जागेत, बहुतेक मोठी भोकं सापडतात. दुसरी जागा म्हणजे जोतं. चिरे नुसते मातीत बसवले असतील तर सांध्यातली माती पावसाने वाहून जाते आणि आत पोकळी राहते, तिथे घूस शिरते आणि घुशीने केलेल्या वाटेने बाकीचे येतात. सांधे सिमेंटने भरून घ्या. तिसरी जागा दार. दाराखाली दोन बोटं फट असली तर ती फट नसून वाटच समजा. डोकं गेलं की बारीक अंगाच्या या जनावरांचं शरीरही जातं. दाराच्या बुडाला उंबऱ्यासारखी फळी लावा. नुसती कडी पुरत नाही, धक्क्याने उडते. कोयंडा आणि त्यात अडकवलेली सळई हवी.

कौलांच्या खाली, रिपांवर, तीच वेल्डेड जाळी सबंध आडवी ताणून घेतली की वरचा प्रश्न सुटला. मग त्याने सगळी कौलं उचकटली तरी हरकत नाही.

खणून येणाऱ्यासाठी जाळी एक फूट जमिनीत गाडावी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ज्याने लिहिलं त्याने कातळ पाहिलेला नाही. तुमच्याकडे पहार मारून हात सुजतील. त्याऐवजी जाळीचा दीड फुटी पट्टा जोत्याच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा, भिंतीच्या जाळीला तारेने शिवा आणि वर चिऱ्यांचे तुकडे ठेवा. खणणारं जनावर नेहमी भिंतीच्या अगदी बुडाशी खणायला लागतं. तिथं जाळी लागली की दीड फूट मागे सरकून खणायचं त्याला सुचत नाही. वर्षभरात गवत वाढून पट्टा दिसेनासा होतो, कापताना तेवढं कोयत्याकडे लक्ष ठेवा.

आतली दांडी जाळीपासून किमान हातभर आत घ्या. मुंडकी गेलेल्या दोघी याच कारणाने गेल्या. सगळ्यात उंच दांडी एकच ठेवून तिच्यावर सगळ्यांना पुरेल अशी जागा ठेवा, कोंबडीमागे वीतभर धरा, नाहीतर उंचावर जागा न मिळालेल्या दुबळ्या कोंबड्या जाळीला टेकून खाली बसतात. एक सूचना मात्र. भीतीपोटी खुराडं ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळू नका. विष्ठेचा उग्र वास कोंडतो, ओल धरते, आणि कोंबड्या शिंकायला लागतात. वारा हवाच. पावसाची झड येते त्या बाजूला झाप लावा, बाकी उघडं ठेवा.

खुराडं सुधारलं आणि दार उशिरा लावलं तर सगळं वाया. कोंबड्या दिवेलागणीला आपणहून आत जातात, पण दार तुम्हालाच लावायचंय, आणि तीच वेळ टीव्हीवरच्या मालिकेची असते. लावताना मोजा. एखादी कमी भरली तर ती आंब्यावर चढून बसली असेल. काढून आत टाका, नाहीतर तिला ती सवय लागते. कोणाच्या तरी अंगणात खुडूक कोंबडी केळीच्या बुंध्याशी अंडी घालून बसते आणि घरच्यांना वाटतं नेली कोणीतरी. सगळ्यात आधी तीच सापडते चोराला.

परसातही थोडं बघा. खुराड्यात रात्री दाणे ठेवू नका. दाण्यांना उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, नाग येतो. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. माशाची मुंडकी आणि खवले मागच्या दाराशी फेकण्याची सवय असेल तर ती सोडा. बोका, कुत्रा, रानमांजर सगळ्यांना तुमच्या परसाचा पत्ता त्या वासानेच मिळतो. मेलेल्या कोंबड्या खोल पुरा, वर चुना टाका. उडवी, शेणी, लाकडांची रास या गोष्टी खुराड्याला टेकून असतील तर दूर हलवा. गडगा तर हलवता येणार नाही, पण खुराड्याच्या बाजूच्या दहा-पंधरा फुटांतली रानटी झुडपं साफ केलीत तरी मुंगसाला उघड्यावरून यावं लागेल, आणि तेवढ्यात कोंबडा ओरडतो.

कोंबड्याला कमी लेखू नका. आकाशात घार दिसली तर त्याचा इशारा वेगळा असतो आणि जमिनीवर कुत्रा-मांजर दिसलं तर वेगळा. पहिल्याला कोंबड्या झुडपाखाली पळतात, दुसऱ्याला मान ताठ करून उभ्या राहतात. चार दिवस कान देऊन ऐकलंत तर स्वयंपाकघरात बसून तुम्हालाही कळेल परसात कोण आलंय. पण इशारा मिळाल्यावर लपायला जागा हवी. सगळं परस झाडून चकचकीत केलं तर घारीचं फावतं. मध्ये अडुळसा, जास्वंद, तगर अशी बुटकी झाडं राखा. माझ्या मते पिल्लांना पहिले पाच-सहा आठवडे मोकळं सोडूच नये. सकाळ-संध्याकाळ आईसकट डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली, नाहीतर वरून जाळं ताणलेल्या चौकोनात ठेवा. बंदरावर मासेमारीचं जुनं जाळं स्वस्तात मिळतं, ते वर ताणायला उत्तम. जमिनीलगत मात्र ते लावू नका. नायलॉनच्या धाग्यात साप अडकतो, आणि सुटायच्या धडपडीत असलेला नाग काढायला हात कोण घालणार? सर्पमित्राला बोलवावं लागतं.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर. कुत्रा उपयोगी पडतो, पण पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढलेला आणि रात्री परसात मोकळा असलेला. पडवीत साखळीला बांधलेला कुत्रा भुंकेल, आणि दोन रात्रींत कांडेचोराला कळेल की तो भुंकण्यापलीकडे काही करू शकत नाही. मोठा कुत्रा आणलात तर पहिली कोंबडी तोच मारायची शक्यता जास्त. दिवा येतोय तर लावा, त्याने नुकसान नाही, पण तो हालचालीवर पेटणारा हवा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांना बेडूक येतात आणि बेडकांना साप. पेटत-विझत्या दिव्यालाही जनावरं काही दिवसांत सरावतात. लटकवलेल्या सीडी, बुजगावणं, फिनेल यांचंही तेच. कार्बोलिक ॲसिड कोणी सुचवलं तर कानाआड करा, सापाला त्याचं फारसं काही नाही आणि तुमच्या हाताला मात्र भाजतं. आणि कुंपणाच्या तारेत घरचा करंट सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर त्याला तिथंच थांबवा. अशा तारांनी माणसं मेली आहेत, आणि मग कोंबड्यांचं राहतं बाजूला, खटला सुरू होतो.

पिंजरा लावून पकडून दूर सोडायचं असंही कोणी म्हणेल. तेही परवानगीशिवाय करता येत नाही. जनावर खुराड्यात अडकलेलं सापडलं तर दार उघडून बाजूला व्हा, ते निघून जाईल. जात नसेल किंवा बिबट्याचा माग दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. उघड्या हाताने धरायला जाऊ नका. मुंगूस किंवा मांजर चावलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्यायची. हळद लावून घरी बसायचं नाही.

एक गोष्ट तुम्हाला कडू लागेल. दिवसा मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांतली एखादी वर्षाकाठी जाणारच. ती मोकळी फिरते, किडे-गवत खाते, म्हणून तिच्या अंड्याचा बलक तसा केशरी असतो, आणि त्याच मोकळेपणात मुंगसाचा वाटाही आलाच. ते नको असेल तर पूर्ण जाळीबंद आवार करा, खर्च बराच येईल. मी स्वतः तो करणार नाही. रात्रीचं खुराडं मात्र असं हवं की तिथली एकही कोंबडी जाता कामा नये. रात्री गेलेली प्रत्येक कोंबडी आपल्या हलगर्जीपणाची असते, ती मुंगसाच्या खात्यावर टाकता येत नाही.

राहिलेल्या कोंबड्या सध्या अंडी देत नसतील. घाबरल्या आहेत, दोन-तीन आठवडे तसं चालतं. काही औषध नको. कोणाला चावा बसला असेल तर तिला डालग्याखाली वेगळी ठेवा, कारण रक्त दिसलं की इतर कोंबड्याच तिला टोचतात. रिकाम्या झालेल्या जागा भरायला लगेच बाजारातून तलंगा आणू नका. आधी दुरुस्ती पूर्ण करा, राख टाकून काही रात्री पाहा, पावलं येऊन परत गेलेली दिसली की समजा काम झालं. मग आणलेल्या नव्या तलंगा दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, मानमोडीची लस टोचून घ्या, आणि मोकळ्या सोडण्याआधी चार-पाच दिवस याच खुराड्यात कोंडा, म्हणजे संध्याकाळी त्यांना कुठे परतायचं ते कळेल.